एकतीस अंगठे

२ डिसेंबर
अठ्ठावीस वर्षांची पोर, आणि मी तिला मॅडम म्हणायचं! जुने साहेब निवडणुकीत पडले तेव्हाच मी डबा-छत्री आवरून ठेवली होती. बावीस वर्षं त्यांच्या ऑफिसात टायपिंग केलं. नवी आमदार आपली माणसं आणणार, हे धरूनच चालले होते. तर काल तिचाच फोन. "दिनाताई, तुम्ही थांबा. मला तुम्हीच हव्यात." आमच्या कामतघरच्या बायका म्हणतात, धम्मदिनाचं नशीब. नशीब कसलं, अनुभव लागतो!

१० डिसेंबर
खुर्चीवरचा पांढरा टॉवेल तिने पहिल्याच दिवशी काढून हात पुसायला लावला. साहेब एका बैठकीत चाळीस कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून ठेवायचे, मजकूर मी मागाहून भरायचे. हिच्यापुढे तसाच गठ्ठा ठेवला. म्हणाली, "आधी मजकूर, मग सही." खारबावच्या शेतकऱ्याची मुलगी, तांदूळ निवडावेत तशी एकेक ओळ वाचते. एका शिफारसपत्राला वीस मिनिटं, आणि बाहेर ही रांग. मी वैतागले, खोटं कशाला बोलू.

२१ डिसेंबर
नागपूर. काल तिचं पहिलं भाषण — तीन मिनिटं मिळाली. वाक्य अर्ध्यात असताना घंटा झाली, माईक बंद. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. ती गुमान बसली. आज पुन्हा उभी राहिली आणि त्याच अर्ध्या वाक्यापासून सुरू केलं! मी गॅलरीत होते. तिथे टाळ्या वाजवायला मनाई आहे, म्हणून नुसतेच डोळे पुसले. मनाली मॅडम म्हणताना आता जीभ अडखळत नाही.

१४ जानेवारी
मार्चच्या अधिवेशनात मंत्र्यांना विचारायचा तारांकित प्रश्न. अंजूरला गोडाऊनसाठी नाला बुजवला, आता उधाणाचं पाणी घरांत शिरतं. ती सांगत होती, मी टाइप करत होते. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी 'हे खरे आहे काय'. तिसरा मुद्दा — ग्रामस्थांची हरकत नाही असे पत्र तत्कालीन आमदारांनी दिले होते, हे खरे आहे काय?

बोटं थांबली. ते पत्र मीच टाइप केलं होतं. हरकतीचा अर्ज तेव्हा माझ्याच टेबलावर होता, एकतीस अंगठे उठवलेला. साहेब म्हणाले, "दिना, तो खाली ठेव." मी खणात ठेवला.

१५ जानेवारी
तिसरा मुद्दा काढून टाकला. परत घातला.

१८ जानेवारी
तिच्याबरोबर अंजूरला. ठमाबाई म्हातारी एकटीच राहते, भिंतीला कमरेपर्यंत ओल. "अर्ज दिलता बाय, आमी सगल्यांनी अंगठं दिलं. पन कोनी वाचलाच न्हाय." मग माझ्याकडे बघून, "तू त्या हापिसातली ना? दमली हास. बस, चाय घे." बसले. चहा घेतला. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

१९ जानेवारी
सांगितलं. सगळं, मॅडमसमोर उभ्यानेच. वाटलं, आता म्हणेल, उद्यापासून येऊ नका. पन्नाशीनंतर दुसरं काम कोण देणार मला? तिने प्रश्नाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "चौथा मुद्दा तुम्ही लिहा."

लिहिला. ग्रामस्थांचा हरकत अर्ज मिळूनही आमदार कार्यालयाने तो दाबून ठेवला, हे खरे आहे काय? सोबत माझा जबाब, माझ्या सहीने. तिने तोही ओळ न ओळ वाचला, आणि एक काना राहिला होता तो दाखवला.

१२ मार्च
चारही मुद्द्यांना मंत्र्यांचं उत्तर — हे खरे आहे. नाला मोकळा करायचे आदेश! संध्याकाळी जुन्या साहेबांचा फोन. "बावीस वर्षांचं मीठ विसरलीस." मी फोन ठेवला. माझी खुर्ची मात्र जागेवरच. ती हलवायचं मॅडम नावच काढत नाही.

१४ मार्च
कपाट लावताना तिच्या निळ्या फाइलीत ठमाबाईच्या त्या अर्जाची पोच सापडली. आमच्या ऑफिसचा शिक्का, अर्ज मिळाल्याची माझी सही. कोपऱ्यात मॅडमचं अक्षर — 'ठमाबाईंनी दिली, ५ ऑगस्ट.' निवडणुकीच्याही आधी! खाली दुसऱ्या शाईत, मला फोन केला त्या दिवसाची तारीख, आणि एवढंच — 'दिनाताईंना विचारायचं नाही. त्या सांगतील.'

ही फाइल खणात ठेवणार नाही. उद्या तिच्या टेबलावर ठेवते.