गिरणीचा नट आणि माझा कान

चुडावा, मार्च १९८६. मंगळवार, दिवेलागणीनंतर.

आज कानानं दगा दिला. पंक्चर काढता काढता मी इंजिनं-गिरण्यांचा मिस्त्री झालो तो आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या या कानाच्या जोरावर, आणि आज त्यानंच तोंडघशी पाडलं.

गावची एकुलती गिरणी बंद पडली. जात्यात खिळा अडकलेला, आणि जातं उघडायचं तर वरचा नट गंजून बसलेला. गिरणीवाला परभणीला गेलेला, म्हणून त्याच्या बायकोनं मला बोलावलं. दारात बायका ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या. पीठ नाही तर रात्री पोरांना घालायचं काय?

रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला नळी अडकवून जोर लावला. कुर्र वाजलं. मी म्हणालो, "ऐका! सुटायलाय." पुन्हा जोर, पुन्हा कुर्र. दोन तास हेच.

शेवटी रांगेत पहिला डबा लावून बसलेल्या कमळामावशी बोलल्या, "मिस्त्री, गिरणीवाला तर दुसरीकडं फिरवतो की. नट उलट्या आट्यांचा हाय म्हणं."

म्हणजे ते कुर्र घट्ट होण्याचं होतं! कबूल करायचं सोडून मी म्हणालो, "मावशी, गंजलेला नट आधी घट्ट करून मग सोडायचा असतो."

"दोन तास?"

बायका डब्यांवर हात मारून हसल्या. मग उलट्या बाजूनं तीन गडी नळीला लोंबकळले तेव्हा कुठं नट हलला, खिळा निघाला आणि गिरणी सुरू झाली.

पहिलं दळण मावशींचं. बाकीच्यांची दळणं उरकून मी हात धूत होतो तोवर त्या घरून गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. "खा मिस्त्री. उलटली म्हणून भाजली बरं का."

ठेचा लय तिखट होता, पण पाणी मागायची हिंमत झाली नाही.