पहाटे चार पन्नासची तारीख

१० सप्टें. २०२५, बुध.
तीर्थपुरीहून बहिणीचा, सुमनचा फोन. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला ईश्वरीचा अर्ज घेतला नाही. अट : जन्म १ मे २०१५ किंवा त्यानंतरचा. भाचीच्या दाखल्यावर ३० एप्रिल. एका दिवसाने बाद. दोन वर्षं पोर त्या परीक्षेची गणितं सोडवतेय.
"दादा, पहाटे चार पन्नासला झाली ती. एक मेला. उजाडल्यावर बाजूच्या शाळेत झेंडावंदन झालं. मला आठवत न्हाई का?"
म्हटलं, दुरुस्त करून घेऊ. कार्यालयांशी भांडायची सवय आहे मला. आवाज चढवला की अर्धी कामं होतात.

११, गुरु.
दवाखान्याने दिलेल्या दाखल्याचा फोटो आला. पाहिला आणि बसूनच राहिलो. '३० एप्रिल २०१५, गुरुवार'. तो स्वल्पविराम, वाराची जागा, देवनागरी आकडे. सगळी मांडणी माझी.
माझीच 'आजमिती'. पाच वर्षांपूर्वी लिहून फुकट वाटलेली लायब्ररी, म्हणजे कोणीही आपल्या प्रोग्रॅमला जोडावा असा तयार कोड : संगणकाने आकड्यात साठवलेला क्षण द्यायचा, ती त्याची मराठी तारीख करून देते. तारीख मायबोलीत दिसलीच पाहिजे म्हणून किती सभा गाजवल्या! त्या दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये ती आहे हे माहीतही नव्हतं.
ऑफिसात डबा न उघडता कोड उघडला. साडेपाच तास मिळवलेलेच नाहीत. संगणक क्षण ग्रीनिचच्या वेळेत ठेवतो, मी तो तसाच तारखेत उतरवला. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत माझ्या लायब्ररीत कालचाच दिवस. मी तपासायचो ऑफिसच्या वेळेत. दहा ते सहा. तेव्हा सगळं बरोबरच दिसणार.

१२, शुक्र.
त्याहून वाईट. जुन्या तक्रारी चाळल्या. तीन वर्षांपूर्वी जाफराबादच्या दूध संकलन केंद्रातल्या एका बाईंनी लिहिलं होतं, "सर, पहाटेच्या दुधाची नोंद आदल्या तारखेला पडून राह्यली."
माझं उत्तर दोन पानी. आपल्या लोकांचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, मध्यरात्रीची तारीख साहेबाने लादलेली, माझी लायब्ररी इथल्या मातीचं ऐकते. पंचांग, इतिहास, सगळे दाखले. कोड न उघडता! मग तेच भाषणांतून. तीर्थपुरीलाही. टाळ्या.
ज्याला मी आपला सूर्योदय म्हणालो, ती ग्रीनिचची मध्यरात्र होती.
बाईंनी पुढे एवढंच लिहिलंय, "बरं सर."

१३, शनि.
एक ओळ बदलली. चार पन्नास घालून पाहिले : १ मे, शुक्रवार. नवी आवृत्ती टाकली. पण छापलेला कागद...
तीर्थपुरीला गेलो. दवाखाना बंद, डॉक्टर गेल्या वर्षी वारले, संगणक भंगारात. खरी वेळ ज्या आकड्यात होती तो आकडाही गेला. बाळंतपणानंतरचा कागद सुमनने हरवलेला. पहिलीत घालताना दवाखान्यातून हा नवा काढला, त्यावरूनच शाळेची नोंद, ग्रामपंचायतीचीही.
मुख्याध्यापक म्हणाले, "भाषण बढिया करता सर तुम्ही, पण रजिस्टरला मी हात न्हाई लावू शकत. शिक्षण कार्यालयात जन्मावेळी हजर असलेल्याचा जबाब लागतो. आईबापाचा न्हाई चालत."
हजर होत्या फक्त सुमनच्या सासूबाई.

१४, रवि.
सुमनकडेच मुक्काम. सकाळपासून मावशींना (सुमनच्या सासूबाई) समजावतोय.
"गुरुवारचीच हाय पोरगी. सूर्य कुठं उगवला व्हता? कागद बराबर हाय."
म्हणूनच कोणाला शंका आली नाही! कागद आणि आजी एकच बोलत होते.
म्हटलं, मावशी, सरकारी दिवस रात्री बाराला बदलतो.
"मंग तुमीच देवळापुढं माईकवर काय सांगत व्हते भाऊ? दिवस सूर्यासंगं निघतो म्हणले. मी पुढंच बसले व्हते. टाळ्या वाजवल्या."
"चुकलं माझं."
"आता चुकलं? भाचीचं काम पडलं तवा?"
सुमन हसली. मीही हसायला हवं होतं.
निघताना ईश्वरी जीपपर्यंत आली. "मामा, तुमच्या कॉम्प्युटरमधे माझा वाढदिवस आता कधी?"
एक मे.
"अन् शाळेत?"

१७, बुध. मुक्तिसंग्राम दिन.
कॉलेजात भाषण. 'आमची घड्याळं कोणी लावली?' हे ठेवणीतलं वाक्य ओठांवर आलं, गिळलं. पुढचं सुचेना. लोकांना वाटलं घसा बसला. कोणीतरी पाणी आणून दिलं.
जाफराबादच्या बाईंना पत्र लिहिलं. तीन ओळी, त्यातली एक माफीची.

१८, गुरु.
जबाब उद्या अकराला. अर्जाचा शेवटचा दिवस परवा.
सुमनचा फोन : "तू सासूबाईला काही बोलू नको दादा. तू बोललास की त्या जास्तच घट्ट होतात."
एवढं वाचलं, एवढं बोललो आयुष्यभर. उपयोग गप्प बसण्याचा.

१९, शुक्र. शिक्षण कार्यालय, जालना.
बाकावर बसून लिहितोय. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आहेत. ईश्वरी शाळेच्या गणवेशात, कोणी सांगितलं नसताना.
मघाशी मावशींनीच विचारलं, "खोटं बोलू का भाऊ?"
"खोटं नको. तारीख सांगूच नका. पहाट होती, वाजले किती तेवढं सांगा."
"घड्याळ कुठं व्हतं मह्याजवळ? तुमी तर असं शिकवू राह्यले जसं तुमीच तिथं व्हते."
नाव पुकारलं. आत गेल्या. दाराला नुसता पडदा. साहेबांचा आवाज : "आजी, नात कोणत्या तारखेला झाली?"
ईश्वरीने माझं मनगट ओढून घड्याळ पाहिलं. अकरा वीस.
मग मावशींचा आवाज, खणखणीत :
"साहेब, आधी मला सांगा, तुमचा दिवस कधी निघतो?"
आत कोणीतरी हसलं. साहेबांचं उत्तर ऐकू येत नाही.