मधली शिवण

शिडांचा कारखाना,
६ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझं जहाज बंदराबाहेर पडलं आणि धक्क्यावरची गर्दी खेळ संपल्यासारखी पांगली. मी आधीच निघाले होते. हात हलवल्यानं जहाज जोरात जातं असं मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

दुपारी एक वर्तमानपत्रवाला आला. मला विचारतो, आजी, आगबोटी असत्या तर आज जग कसं असतं? म्हटलं, अरे बाबा, माझ्या आजोबांच्या वेळी त्या बंदराबंदरांत फुटल्या, हजारो माणसं होरपळली, सगळ्या देशांनी बसून त्या कायमच्या बंद करून टाकल्या. तेव्हापासून जग शिडांवर चालतंय. नसलेल्या गोष्टीचा विचार करत बसले तर ही शिडं कोण शिवणार? मग शर्यतीबद्दल विचारायला लागला. म्हटलं, जिंकेल त्या बंदराला जगाचं टपाल वाहायचं काम मिळतं, आमच्या कारखान्याला ते हवंय. बाकी झेंडे, बँड आणि भाषणं यांनी माझं डोकं उठतं. दुसऱ्या दिवशी त्यानं छापलं की बोलताना माझे डोळे पाणावले. कापडाची धूळ होती ती.

आता कामाचं. मोठ्या डोलकाठीच्या वरच्या शिडाची मधली शिवण एकेरी आहे. तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण शर्यत म्हटलं की तुझ्या कानात वारं शिरतं. वारा हाताबाहेर गेला की ती शिवण उसवते, शीड फाटतं, डोलकाठी वाचते. फाटलेलं शीड मला पुन्हा शिवता येतं. डोलकाठी अंगावर पडून गेलेला दादा शिवता आला नाही. त्यानंतर बाबांनी घातलेली ही रीत आहे. तिला हात लावायचा नाही.

ठमीला पहिल्यांदाच पाठवलीय. शिडं दुरुस्त करायला पाठवलीय, मामाची भाची म्हणून मिरवायला नाही. जेवत नसेल तर मला कळवत बसू नकोस, तिथल्या तिथे रागाव.

लोभ आहे, त्याचं प्रदर्शन नको.

ताई


जहाजावरून, पहिला थांबा,
२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

सगळे खुशाल. ठमीनं पहिला आठवडा समुद्राला सगळं जेवण परत केलं. आता मात्र दोरावर अशी चढते की आमच्या आचाऱ्यानं तिचं नाव सुईबाई ठेवलंय. तो तिला दोनदा वाढतो आणि आम्हाला म्हणतो संपलं.

आपण दुसरे आहोत. पुढे लालबुड्या आहे. त्याचं खरं नाव मला उच्चारता येत नाही, बूड लाल आहे म्हणून आम्ही हेच ठेवलं. त्याचा कप्तान विशीतला पोर दिसतो, पण शिडं उतरवतच नाही. वारा वाढला की मी तुझ्या एकेरी शिवणीची आठवण काढून वरचं शीड गुंडाळतो आणि हा पठ्ठ्या आमच्या नाकासमोरून निघून जातो. असं तीनदा झालं.

पुढचं बसून वाच. मी ठमीकडून मधली शिवण दुहेरी करून घेतली. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली आईला विचारा, मग मी म्हटलं कप्तान कोण आहे. त्यावर तोंड फुगवून तिनं शिवली, पण शिवली अशी की तुझ्या हातचीच वाटेल. ताई, रीत बाबांची होती हे मान्य. पण बाबांना शर्यत जिंकायची नव्हती. टपाल मिळालं तर तुझ्या कारखान्यातल्या बायकांच्या मुली म्हाताऱ्या होईपर्यंत काम पुरेल. मी तुझ्यासाठीही करतोय हे.

रागावशील ते ठाऊक आहे. लोभ मात्र कमी करू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा


कारखाना,
२० मे

चि. धाकट्यास,

उभ्यानंच वाचलं. आशीर्वाद पुढच्या पत्रात.

शिवण उसव. माझ्यासाठी करतोस म्हणालास ना, मग माझ्यासाठी उसव. मला जगाचं टपाल नको, मला मी पाठवली तेवढी माणसं परत हवीत. दुसऱ्या थांब्याच्या पुढे ते दक्षिणेचं टोक आहे, तिथला वारा तुझं ऐकत नाही आणि लालबुड्याचंही ऐकत नाही. बाकी लिहायला माझ्याकडे शब्द आहेत, पण ते टपालातून पाठवता येत नाहीत.

ताई


कारखाना,
त्याच दिवशी, वेगळ्या पाकिटातून

चि. ठमीस, अ. आ.

मामाला लिहिलंय. तो ऐकायचा नाही. लहानपणी अंगात ताप असताना पोहायला जायचा आणि वर आम्हालाच सांगायचा की पाणी थंड असतं म्हणून ताप उतरतो.

म्हणून तुला सांगते. थांब्यावर शीड खाली घेतील तेव्हा तू घातलेला दुसरा दोरा काढून टाक. वरचे टाके दिसायला राहू देत, आतून मोकळं कर. कसं करायचं ते तुला सांगायला नको. कोणाला बोलू नकोस. सापडलीस तर सरळ माझं नाव सांग, मी बघून घेईन.

जेवते आहेस असं कळलं. बरं.

आई


जहाजावरून, दुसरा थांबा,
११ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं इथे वाट बघत होती. मामानं त्याचं वाचलं आणि खिशात ठेवलं. मी माझं वाचलं आणि रात्रभर उशाखाली ठेवून सकाळी मामाच्या हातात दिलं.

आई, आधी रागावून घे, मग पुढे वाच.

शिवण एकेरी असली तर मामा शीड लवकर उतरवतो, कारण त्याला ती फाटेल हे माहीत असतं. दुहेरी असली तर तो जास्त वेळ ताणतो, पण डोलकाठीकडे बघत ताणतो. मी गुपचूप उसवली असती तर? तो दुहेरी समजून ताणत राहिला असता आणि शीड फाटलं असतं तेव्हा माणसं वर दोरांवर असती. त्यात त्या दिवशी कोण असतं? शिडाचा बिघाड बघायला मीच वर असते. आपल्या शिडात काय आहे हे कप्तानालाच माहीत नसेल तर मग रीत कसली? मला ते करता आलं नाही. करायला बसले होते, सुई हातात होती, हे पण सांगते.

मामानं तुझं पत्र दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संध्याकाळी मला बोलावून म्हणाला की शिवण दुहेरीच राहील, पण तू मला दाखवलंस हे मी विसरणार नाही. मी म्हटलं, मला वाटतं तुम्ही चुकताय. तो म्हणाला, असू दे.

उद्या निघतोय. टोकाकडे. लालबुड्या काल गेला.

तुझा लोभ उरला असेल तेवढा पुरेल.

ठमी


कारखाना,
२४ जुलै

चि. धाकट्यास, आशीर्वाद. मागचे राहिले होते तेही धर.

हे शेवटच्या बंदरावर पाठवते आहे. पोचाल तेव्हा मिळेल.

बंदर कचेरीबाहेरच्या फळ्यावर बातमी लावलीय की टोकाजवळ मोठं वादळ झालं, आणि शर्यतीतलं एक जहाज डोलकाठी मोडून वाहत जाताना दिसलं. कोणतं ते लिहिलेलं नाही. धुकं होतं म्हणे. धुक्यात नाव दिसत नाही, पण मोडलेली डोलकाठी बरी दिसली!

बायका दिवसातून चारदा फळा बघून येतात आणि येऊन माझ्याकडे बघतात. मी त्यांना ओरडले की शिवणीकडे बघा. मी काही गेले नाही. काल फक्त दोऱ्याचं रीळ आणायला त्या बाजूला गेले होते. रिळं कारखान्यात भरपूर आहेत, हे खरं.

तो वर्तमानपत्रवाला परत आला. आईला या क्षणी काय वाटतं, असं विचारायला लागला. मी त्याच्या हातात कापडाचं टोक दिलं आणि म्हटलं, ताणून धर. दिवे लागेपर्यंत धरून बसला. वाईट नाही पोरगा.

ठमीला सांग तिचं पत्र मिळालं. तिचं पटलं की नाही ते तिच्या तोंडावर सांगीन, कागदावर नाही. त्यासाठी तिला माझ्यासमोर यावं लागेल.

धाकट्या, मला खरं ते लिही. गोड करून लिहू नकोस. मला गोड करून लिहिलेलं लगेच कळतं.

ताई


शेवटचं बंदर,
९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि ठमी लिहितेय, कारण माझा उजवा हात फळीला बांधलेला आहे. अक्षर बघून घाबरू नकोस. (आई, हात दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टर म्हणतात जुळेल. मामा म्हणतो डॉक्टर पोरगेला आहे. त्याला सगळेच पोरगेले वाटतात. – ठमी)

गोड न करता सांगतो. टोकाला वादळानं गाठलं तेव्हा लालबुड्या आम्हाला समोर दिसत होता. मी वरचं शीड ठेवलं. शिवण हलली नाही, तुझ्या लेकीचा टाका तो. डोलकाठी मात्र वाकली आणि तिच्यातून आवाज आला. दादा गेला त्या दिवशी मी डेकवर होतो, ताई. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. मी शीड उतरवायला सांगितलं तर वरचे दोर अडकलेले. आता एकच उपाय होता, वर जाऊन शिवण कापायची. एकेरी असती तर केव्हाच आपली आपण फाटली असती, कोणाला चढावं लागलं नसतं.

हे माझं मीच निस्तरायचं म्हणून सुरी घ्यायला वळलो, तर ही अर्ध्यावर पोचलेली. दातात सुरी धरून. (कमरेला होती. – ठमी) खालून ओरडलो, वाऱ्यानं ऐकू दिलं नाही. मग मीही चढलो. वर गेल्यावर मला म्हणते, शिवण माझी आहे, कुठून सुटेल ते मला माहीत आहे, तुम्ही फक्त मला धरा. मी धरली. तिनं चार टाके कापले आणि शीड मधोमध फाटत गेलं. फाटलेली कड माझ्या हातावर बसली. मी सुटलोच होतो. हिनं माझी कॉलर धरली ती खालची माणसं येईपर्यंत सोडली नाही. (शर्ट फाटलाय. तो मी शिवणार नाही. – ठमी)

डोलकाठीला भेग गेली, पण उभी आहे. माणसं सगळी आहेत. मोडलेलं जहाज तुमच्या फळ्यावर लिहिलं होतं ते दुसरं होतं. त्याची काही माणसं सापडली, काही नाही. त्यांची नावं मला इथे लिहवत नाहीत.

लालबुड्या पहिला आला. त्यानं शेवटपर्यंत शीड उतरवलं नाही आणि त्याला काही झालं नाही. हे तुला सांगायलाच हवं. आम्ही सहावे. टपाल गेलं. बायकांना काय सांगशील ते मला सुचत नाही, मी त्यांना तोंड कसं दाखवू तेही सुचत नाही.

नवीन वरचं शीड पाठव. एकेरी.

लोभ मागायची आज हिंमत नाही.

धाकटा

(आई, आता माझं. इथून जहाज माल घेऊन पलीकडच्या किनाऱ्याला जाणार आहे, यायला वर्ष होईल. मामाचा हात जायबंदी आणि शिडं सांभाळायला दुसरं कोणी नाही. मी राहू का? तू म्हणशील तसं. – ठमी)


कारखाना,
३० ऑगस्ट

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं. ते पेटीत ठेवलं आणि हातातली कड पुरी केली. बायका मागे लागल्या, फोडा, फोडा. म्हटलं, आत काय असेल ते असेल, मला हवं ते बाहेर लिहिलंय.

टपाल गेल्याचं त्यांना फळ्यावरून कळलं होतं. दोघी रडल्या, बाकीच्या कामाला लागल्या. मालवाहू जहाजांची शिडंही फाटतातच. आपल्याला पूर्वीसारखंच लहान काम मिळेल, शर्यतीच्या कामासाठी घेतलेल्या काहींना घरी बसावं लागेल, ते कोणाला सांगायचं हे मला ठरवायचंय आणि ते मला जड जातंय. मामाला सांग, तोंड दाखवायचं तर येऊन दाखव, आणि त्यांच्यासमोर बसून एक शीड शीव. हात जुळल्यावर. रागवायचं मी तेव्हासाठी ठेवलंय.

लालबुड्याचे मालक इथे येऊन गेले. शिडं दुहेरी हवीत म्हणाले. मी आपली रीत सांगितली. विचार करून कळवतो म्हणाले. म्हटलं, करा. अजून कळवलेलं नाही.

नवीन शीड या जहाजानं पाठवते आहे. उघडशील तेव्हा मामाला शेजारी उभा कर आणि मधली शिवण त्याच्या डाव्या हातानं चाचपून घ्यायला लाव.

आता तुझं. राहू का, असं मला विचारतेस? माझं पत्र मामाच्या हातात ठेवलंस तेव्हा विचारलं होतंस? नाही विचारलंस, आणि बरोबर केलंस. हे तोंडावर सांगणार होते, पण तू वर्षभर येणार नाहीस, मग कागदावरच घे. राहा. कापायला वर चढायची वेळ पुन्हा येऊ देऊ नका, एवढं दोघं मिळून बघा.

कळावे. लोभ कमी करायचं मे महिन्यात ठरवलं होतं, जमलं नाही.

हे पत्र मामाला दाखवू नकोस. दाखवशीलच.

आई