दोन डब्यांतला जड डबा

प्रिय खटपट्या,

पुढचं वाचण्याआधी उठ आणि तुझ्या कंप्यूटरचा प्लग भिंतीतून ओढून काढ. नुसता बटणाने बंद करू नकोस, प्लगच काढ. काढलास? आता बस. अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. घाईत लिहितेय.

काल सकाळी दुकान उघडून काउंटरवरचा कंप्यूटर लावला, तर फट् असा आवाज आला, पडदा काळा आणि करपट वास. पॉवर सप्लाय गेला हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. मी तो वीज पुरवणारा डबा काढून बाजूला ठेवला. खरं तर तसाच भंगारात टाकायचा, आपल्या दुकानात सीलबंद डबा कुणी उघडत नाही. पण बाबा बाहेर गेले होते, गिऱ्हाईक नव्हतं, आणि मला उगाच चैन पडेना. थोडा वेळ थांबून चार स्क्रू काढले. आत साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा होता, रे. गोंदाने चिकटवलेला. ना त्याला वायर, ना त्याचा कशाशी संबंध. जिथे तांब्याची भक्कम कॉइल हवी तिथे नखाएवढं काहीतरी होतं, आणि हा ठोकळा नुसता हाताला जड लागावा म्हणून. 

तुला सप्लायचे ते दोन डबे आठवत असतील. दोन्ही साडेपाचशे वॉटचे, पंखा तसाच, वायरी तेवढ्याच, किमतीतही फारसा फरक नाही. कोणता मागवायचा म्हणून बाबांनी नेहमीसारखे दोन तळहातांवर दोन डबे घेतले, डोळे मिटले आणि जड डब्याचा डावा हात पुढे केला. चांगल्या सप्लायमध्ये तांबं जास्त, म्हणून तो जड, हा त्यांचा तीस वर्षांचा ठोकताळा. दुसऱ्या दुकानातून घेतलेला माल लोक त्यांच्या हातावर ठेवायला यायचे, इतका त्या हाताचा दरारा. तू मात्र हलक्या डब्यासाठी अडून बसलास. एक डबा वाया गेला तर जाऊ दे, पण एकदा उघडून बघूया, एवढंच म्हणत होतास. आणि मी, तुझी सख्खी बहीण, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की उचलली जीभ लावली टाळ्याला, बापाच्या हातापेक्षा तुझा स्क्रूड्रायव्हर मोठा का. सगळे हसले. बाबाही हसले. पंधरवड्यात तू बायको-पोरीला घेऊन निघून गेलास आणि तुम्हा दोघांचे फोन लागेनासे झाले. मी चुकले. हे मला चौदा महिन्यांपूर्वी म्हणता आलं असतं, पण तेव्हा मला तू चुकलायस असंच वाटत होतं.

बाबा आले तेव्हा मी तो ठोकळा टेबलावर ठेवला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. असे डबे आपण एक्केचाळीस घरांत बसवलेत, उद्या कुणाच्या घरात आग लागली तर काय तोंड दाखवायचं, वगैरे. बाबांनी ठोकळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला माहीत आहे. पोरगा घर सोडून गेला त्यानंतर दोन महिन्यांनी कळलं."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. शिवणक्लासवाल्या बाईंचा सप्लाय तापतोय म्हणून बाबांनी तो गच्चीवर नेऊन गुपचूप उघडला होता. आणि गेलं वर्षभर ते ज्याच्या त्याच्या घरी फुकट साफसफाई करायला जात होते ना, ज्यावरून मी रोज डोकं खात होते की म्हातारपणी ही हौस कशाला, ती साफसफाई नव्हती. प्रत्येक घरी जाऊन ते जड डबा काढत होते आणि तू निवडलेला हलका डबा बसवत होते. एकालाही सांगितलं नाही, मलाही नाही. अभिमान म्हण, लाज म्हण. मला राग यावा की रडू, तेच कळेना. चाळीस घरं झाली. दुकानातला शेवटी बदलू म्हणून ठेवला होता, तो काल आपला आपणच गेला.

मी म्हटलं, चाळीस झाले, मग एक्केचाळिसावा कुठला राहिला? त्यांनी तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. आणि मलाच आठवलं. तू सामान बांधत होतास त्या दुपारी बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोरगा हट्टाने हलका डबा लावून बसलाय, निदान जाताना चांगली वस्तू घेऊन जाऊ दे. तू खाली टेंपोवाल्याशी बोलत होतास आणि मी तुझा सप्लाय बदलला. माझ्या हातांनी. तुझी लेक त्याच टेबलाखाली बाहुल्या झोपवते, हे माहीत असताना. आम्ही तुझं भलंच करत होतो, रे, हेच तर सहन होत नाही.

बाबा तुझ्या घरापर्यंत दोनदा येऊन परत गेलेत. हेही कालच कळलं. मी म्हटलं आत्ताच्या आत्ता मी जाते, तर म्हणाले, "मीच जातो. पण मला बोलता यायचं नाही, तू लिहून दे." म्हणून हे पत्र. टपालाने आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. बेल वाजवून ज्यांनी ते दाराखालून सरकवलं, ते जिन्याच्या वळणावर पिशवीत नवा डबा घेऊन उभे आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही.

तुझीच,
ताई