पाणीवेडा पडदा

८ ऑगस्ट

ताई,

खोटं बोलू नकोस, तूच केलंस. नमस्कार खाली कुठेतरी घालीन, आधी भांडण.

सर माझ्या पडद्याची चाचणी घेऊन तुमच्या कारखान्यातून परत आले ते तोंड पाडूनच. माझ्या पडद्याच्या पलीकडच्या बाटलीत नुसतं पाणी जमायला हवं होतं. सरांनी ते बशीत ओतून काडी लावली, तर भपकन पेटलं. म्हणजे अल्कोहोलही आरपार. इथे लॅबमध्ये हाच पडदा किती गुणी होता. पाणी दिसलं की ओढून घ्यायचा, अल्कोहोलला दारातच उभं करायचा. बिघडतो तो एकाच गोष्टीने, भरपूर गरम पाणी पाजलं की. मग फुगतो, खालच्या जाळीवरून सुटतो आणि येईल त्याला आत घेतो. हे मी तुला लिहिलं होतं, खाली रेघ मारून. तिथे बाकी कुणाला माहीत होतं?

मला ताप नसता तर मीच आले असते. आता सर म्हणतात, पुढच्या महिन्यापासून दुसरा विषय घे. म्हणजे तुझा तो अल्कोहोल उकळायचा उंच कॉलम मोडीत जाण्यापासून वाचला, अभिनंदन. लहानपणी माझी बाहुली फुटली तेव्हाही तू अशीच शेजारी उभी होतीस, हात मागे बांधून.

बाबांना सा. न. तुला काय द्यायचं ते तूच ठरव.

धाकटी


१३ ऑगस्ट

चि. (म्हणजे चिडक्या) धाकटीस उरलेसुरले आशीर्वाद.

मी पडद्याला बोटही लावलेलं नाही. मानायचं तर मान.

कॉलम वाचला म्हणतेस. अगं, तो कॉलम बाबांनी उभा केला, ते निवृत्त झाल्यापासून मी चालवते. शंभरात पंच्याण्णवपर्यंत अल्कोहोल आम्ही आणतो. उरलेल्या पाण्यापाशी गाडी अडते. कितीही उकळा, दोघं गळ्यात गळा घालून वाफेतून सोबतच निघतात. मग तिसरं काहीतरी उग्र ओतून त्यांची फारकत करायची. इतकी वर्षं मी ते ओततेय, केसांना तोच वास येतो. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की बरं करतेस.

आणि तू पडद्याचा एक तुकडा पाकिटातून पाठवलास, तर तो काचेत बसवून भिंतीवर! दूधवाल्याला दाखवून झाला, न्हाव्याला दाखवून झाला. न्हावी म्हणाला, प्लास्टिकच आहे हो. तर अर्धी दाढी तशीच ठेवून बाबा घरी आले.

गोळ्या मी देते, पाय मी चेपते, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत ते विचारतात, धाकटीचं पत्र आलं का.

तापाकडे लक्ष दे. लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायची घाई नाही.

ताई


१७ ऑगस्ट

चि. लाडक्या धाकटीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा पडदा चालला नाही असं कानावर आलं. ताईला विचारलं तर ती भांडी घासायला उठून गेली. माझ्या बाजूने काही कसूर झालेली नाही, एवढं कळवायला लिहितो.

तुला ताप, म्हणून तुझ्या जागी मी हजर राहिलो. जुना माणूस, गेटवर कुणी अडवलं नाही. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. नवं काहीही सुरू करायच्या आधी पाइपांची सगळी लाइन गरम पाण्याने धुवायची, आत तेलाचा थेंब राहता कामा नये. तुझे सर चहाला गेले तेवढ्यात मी स्वतः बादल्या ओतून, तुझ्या पडद्याच्या खोक्यासकट धुतली, चांगली तीनदा. ताई शेजारीच होती. ना मदत, ना एक शब्द, नुसती हात मागे बांधून उभी. तिचा स्वभाव तू जाणतेसच.

पुढच्या वेळी चारदा धुवू. खचू नकोस.

बाबा


२४ ऑगस्ट

धाकटे,

बाबांचं पत्र मीच पोस्टात टाकलं, वाचून. तुझं माफीचं पत्रही मिळालं. माफी परत घे, ती चुकीच्या पत्त्यावर आलीय.

गरम पाण्याने काय होतं ते मला माहीत होतं. तुझी रेघ मारलेली ओळ पाठ आहे. हात धरला असता तर ते थांबले असते. पण त्यांनी बादलीत कोपर बुडवून पाहिलं, फार कढत नाही ना म्हणून. तुला आंघोळ घालताना पाहायचे तसं. मला आंघोळ आई घालायची. कॉलम माझ्याकडे आल्यापासून ते तिथे कधी फिरकले नाहीत, आणि तुझ्या त्या खोक्यापाशी गुडघे टेकून बसले. मी बघत राहिले. बघता बघता मनात म्हटलं, धुवा. अजून धुवा.

सरांना कळवलंय की चूक आमच्याकडची, पडद्याची नाही. त्यांचा होकार आलाय, तुझा विषय तुझ्याकडेच राहील. बाबांना मात्र खरं सांगू नकोस, अन्न सोडतील. ताईने बिघडवला म्हण. चिडतील. चिडताना तरी माझं नाव घेतील.

लांबच्या एका कारखान्यात कॉलमवर माणूस हवं होतं, मी हो म्हटलंय. इथलं आता तू बघ, आजच निघ. सकाळची गोळी अर्धी, रात्रीची पूर्ण. पाय शेकायला पाणी कोमट लागतं, कोपराने बघ.

ते दाढीला गेलेत. आज पूर्ण करून येतील, तेवढ्यात मी निघते. किल्ली शेजारी ठेवलीय. नवा पत्ता लिहीत नाही, तू लगेच उत्तर देशील.

ताई