उजवा हेडलाईट

१९ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना थोडं चालायला लावा, नुसतं बसवून ठेवू नका. इकडे सगळं ठीक. फोनवर बोलताना हे शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहायला घेतलं.

गाडीचं तुम्ही पुन्हा विचारलंत. तुम्ही दोघा भावांनी भंगारातून उचलून उभी केलेली ती दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, तिला असं हौशी गिऱ्हाईक परत मिळायचं नाही, हे मलाही कळतं. गेल्या तिन्ही पत्रांत मी एकच लिहिलं, उजव्या हेडलाईटचा बिघाड सापडत नाहीये, सापडला की कळवते.

भावजी, तो बिघाड मी करते.

यांच्या विसराळूपणाबद्दल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही जाईल. मार्चमध्ये तो लाईट खरंच मंद झाला होता. साइड दाखवायचा दिवा लावला की हेडलाईटही त्याच्याबरोबर लुकलुकायचा. यांनी दहा मिनिटांत शोधलं, अर्थिंगच्या वायरीचा नट ढिला होता. त्या दिवशी हे पोटभर जेवले, मला नावाने हाक मारली, तुमची आठवण काढून हसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेल्यावर मी दहा नंबरचा पाना घेतला आणि तोच नट दोन आटे सैल केला. चाळीस वर्षं वायरी तपासायचा टेस्ट लॅम्प धरून यांच्यामागे उभी राहिले, एवढं तर येणारच. तेव्हापासून रोज. हे लाईट लावून बघायचे, "आधी अर्थिंग बघायचं, बाकी सगळं नंतर," असं मलाच शिकवायचे आणि नट आवळून ऐटीत हात पुसत यायचे. दुधाची तहान ताकावर भागत होती. पितळ उघडं पडेल याची भीती वाटायची, पण यांना कालचं आठवतच नव्हतं. त्याचा मला आनंद व्हायचा. बघा, मी कुठवर आले.

दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, दिवाळं निघत आलेल्या दुकानासारखं यांच्यातलं रोज थोडं कमी होत गेलं. ऑक्टोबरात दुपार व्हायला लागली. मी नट हाताने फिरेल इतका सैल ठेवू लागले, वायर समोर लोंबेल अशी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, वहिनी, एवढं तर आंधळ्यालाही सापडेल.

आज यांना नाही सापडलं. बल्ब दोनदा बदलला. फ्यूज काढून पुन्हा बसवले. वायर हातात धरली, बघितली आणि सोडून दिली. चार वाजता हे मडगार्डला टेकून खाली बसले. मला बघवेना. मी पाना घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नट आवळला. लाईट लख्ख लागला.

"छान काम करता," हे म्हणाले. "कुठे शिकलात?"

"माझ्या मिस्टरांकडे."

"मग त्यांनाच बोलवायचं होतं ना. माझ्याच्याने होत नाही आता. उगाच तुमचा दिवस फुकट घालवला."

माफी मागत होते माझी. मी गाडीच्या मागे जाऊन खूप रडले. ज्यांना बोलवा म्हणाले त्यांना कुठून आणू? आठ महिने रोज मीच त्यांची परीक्षा घेत बसले आणि आज नापास करून मोकळी झाले. नुसतं शेजारी बसले असते तरी चाललं असतं.

गाडी न्यायला तुम्ही स्वतः आलात तर मनाची तयारी करून या. तुम्हालाही अहो-जाहो करतील, चहा विचारतील.

गिऱ्हाइकाला होकार कळवा. गाडीत कसलाही बिघाड नाही, असं माझ्या नावाने सांगा.

तुमची,
वहिनी