स्वरांगी बाद झाली त्याची गोष्ट

टॅला, डब्लिन
३० मार्च २०१७

प्रिय ईशानी,

फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज केला, तू वाचलास आणि गप्प बसलीस. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, ते कट करता येत नाही. फार तर उशीखाली ठेवशील, पण कधीतरी उघडशीलच. घाबरू नकोस, उपदेश करणार नाही. आमची स्वरांगी ऑस्ट्रियाला जाऊन, साऱ्या जगासमोर बाद होऊन परत आली, तेवढंच तुला सांगायचं आहे.

विशेष खेळाडूंचे जागतिक हिवाळी खेळ होते, आणि डाउन सिंड्रोमवाली आपली ही बया आयर्लंडच्या हिरव्या जॅकेटमध्ये तिथे गेली होती. तिचं स्कीइंग म्हणजे डोंगरावरून घसरत येणं नव्हे. पायांना लांब अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या, आणि सपाट बर्फावरून, चढावरून स्वतःच्या दमावर स्वतःला रेटत न्यायचं. आता आयर्लंडात बर्फ पडतो तो नावापुरता. त्यामुळे दोन हिवाळे हिने चाकं लावलेल्या पट्ट्यांवर इथल्या पार्कात सराव केला. कुत्री फिरवायला आलेल्या बायकांना मागून "माइंड युअरसेल्फ, मिसेस!" असं ओरडायची आणि वर त्यांच्याकडे रागाने बघायची. सुवर्णपदक तर तिने सरावाच्या पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर करून टाकलं होतं. ज्या कॅफेत ती टेबलं पुसते तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमी होती. मालकाने बिचाऱ्याने पदक टांगायला काउंटरमागे खिळाही ठोकला. मला धडकी भरली होती, कारण ही हरायला शिकलेलीच नाही. पत्त्यांत हरली तर पत्ते लपवून ठेवते.

आता नियम नीट वाच, सगळं रामायण त्यातच आहे. आधी चाचणी फेरी असते. तिच्यात प्रत्येकाने जीव तोडून जायचं. त्या वेळेवरून सारख्या ताकदीच्या खेळाडूंचे गट पाडतात आणि खरी शर्यत आपापल्या गटात होते. कुणी लबाडीने चाचणीत मुद्दाम हळू जाऊन सोप्या गटात शिरू नये, म्हणून पुढची अट: खऱ्या शर्यतीतली वेळ चाचणीपेक्षा फारच चांगली आली, तर खेळाडू बाद. हे सगळं डेक्लनने, म्हणजे तिच्या कोचने, पालकांच्या मीटिंगमध्ये समजावून सांगितलं होतं. मी त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर. तुझे गिरीशकाका मीटिंगला हजर होते, पण देहाने. कानात ऑफिसचा कॉल चालू होता.

आणि काका कसे, तुला माहीतच आहे. प्रिलिमला जीव काढायचा नसतो, बोर्डाला काढायचा, या तत्त्वावर पोसलेला माणूस. चाचणीच्या आधी कुंपणापाशी वाकून त्यांनी तिला शुद्ध मराठीत सांगितलं, "बाळा, आज दमायचं नाही, निवांत जा. ताकद उद्यासाठी ठेव." डेक्लनला मराठी कुठलं कळतंय! त्याला वाटलं, बाप आशीर्वाद देतोय. जन्मात बापाचा एक शब्द न ऐकणारी आमची कन्या नेमका एवढाच ऐकून गेली. वाटेत लोकांना हात हलवले, थांबून टोपी नीट केली, आणि फिरायला गेल्यासारखी परत आली. मी घाबरले, हिला बरं नाही की काय. काका मात्र गालातल्या गालात हसत होते.

दुसऱ्या दिवशी ती जी सुटली! ईशानी, मी माझ्या पोरीला असं कधी पाहिलं नव्हतं. तोंड लालबुंद, जीभ बाहेर, काठ्या सपासप. वळणावर आडवी पडली, मदतीला माणूस धावला, तर त्याच्या हाताला हिसडा देऊन स्वतःच उठली. शेवटच्या चढावर मागे वळून बघितलं तर कुणीच दिसेना, तेव्हा आपण वाट चुकलो की काय म्हणून क्षणभर थांबली. आम्ही दोघं कुंपणापलीकडून "जा, जा" म्हणून किंचाळतोय. तिने रेषा ओलांडली आणि गिरीशने शेजारच्या कुणा अनोळखी फिनलंडच्या बाईंनाच मिठी मारली.

मग डेक्लन आला. टोपी हातात. मला विचारतो, "काल युअर मॅन तिला काय म्हणाला?" मी भाषांतर करून सांगितलं. तो बिचारा बर्फातच बसला. गिरीश पांढराफटक पडला. तसाच अधिकाऱ्यांकडे धावला, सगळा दोष माझा आहे, हवं तर मला बाद करा, म्हणून हात जोडले. त्यांनी ऐकून घेतलं, त्याला गरम चहाही पाजला, पण नियम तो नियम. स्वरांगीला आधी इतकंच कळलं की पदक नाही. काठी फेकली, टोपी तोंडावर ओढली आणि टोपीच्या आतून हमसून हमसून रडली. डेक्लन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "लव्ह, यू वेअर टू फास्ट." टोपी थोडी वर झाली. "टू फास्ट? मी?" त्याने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. त्या माणसाची कमाल, न कंटाळता प्रत्येक वेळी त्याने तेच उत्तर दिलं.

आणि मग, अगं, ती हसत सुटली! भाग घेतल्याची एक फीत मिळाली होती, ती छातीवर लावून सगळ्या मैदानभर सांगत फिरली, कॅनडाला, फिनलंडला, चहावाल्या मुलीला: "आय वॉज टू फास्ट!" मी तिकडे कुंपणाला धरून हसत होते आणि रडतही होते. बावीस वर्षं मी या मुलीबद्दल एकच शब्द ऐकला होता, हळू. हळू बसेल, हळू चालेल, हळू बोलेल, बोललीच तर. मी स्वतः डॉक्टर, मला तो शब्द पुस्तकातूनही पाठ होता. इतका आनंद मला माझ्या एमडीच्या निकालाचाही झाला नव्हता, खरं सांगते.

आता कॅफेतल्या खिळ्यावर ती फीत लटकते आहे. बापाशी अजून कट्टी आहे, सकाळचा चहा मात्र त्याच्याकडूनच करून घेते. परवा पाडव्याला गुढीला काठी मिळेना, तर स्वतःची स्कीची काठी आणून दिली. शेजारच्या आयरिश आजींनी विचारलं, हे काय, तर म्हणाली, आमचं न्यू इयर आहे आणि मी टू फास्ट आहे. आजी म्हणाल्या, "फेअर प्ले टू यू," म्हणजे इथल्या बोलीत शाब्बास. गुढी वाऱ्याने दोनदा पडली ते सोड.

ईशानी, रविवारी तुझ्या आईचा, नीलिमाताईचा फोन आला होता. तुझ्या बाळाचा रिपोर्ट आला, असं तिने मला इतक्या हळू आवाजात सांगितलं की कोण गेलं, असं मी विचारणार होते. कुणाला सांगितलेलं नाही म्हणाली, बारसं पुढे ढकललं म्हणाली. स्वरांगी झाली तेव्हा तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. माणसं यायची, पाळण्यात डोकावायची, सरबत प्यायची आणि जायची. आणलेली बर्फी डब्यातच राहिली. मी कितीतरी दिवस वाट बघत होते की कुणीतरी एक साधा शब्द म्हणेल. कुणी म्हणालं नाही. तो शब्द तुला पोचवायला हे पत्र लिहिलंय, बाकी सगळा पाल्हाळ. अभिनंदन, ईशानी. तुला मुलगी झाली. पुढे कठीण दिवस येतील, त्यांचं मी तुला सगळं सांगेन, विचारशील तेव्हा, अर्ध्या रात्रीसुद्धा. पण आधी बारशाची तारीख धर, आम्ही तिघंही येतोय. ताईने पाठवलेल्या फोटोत दुपट्यातून बाहेर आलेली दोन पावलं तेवढी दिसतात. गोड आहेत. पण आता मला तिच्या चेहऱ्याचा फोटो पाठव.

तुझीच,
सुचित्रामावशी